नकाशा कोर्टात, कार्यकर्ते दारात

मार्च २०१८ च्या मधल्या आठवड्यात अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग शहराच्या आसपास राजकीय कार्यकर्त्यांवर अजब वेळ आली होती. एकाच वेळी त्यांना दोन निवडणुका लढवायच्या होत्या, त्याही दोन वेगवेगळ्या नकाशांवर. १३ मार्चला काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहासाठी जुन्या १८ व्या मतदारसंघात पोटनिवडणूक होती. २० मार्च हा नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता, आणि ती निवडणूक व्हायची होती नव्या नकाशावर. त्या नकाशात जुना १८ वा मतदारसंघ अस्तित्वातच नव्हता.

डेमोक्रॅटिक उमेदवार कॉनर लँब यांचं घर नव्या नकाशात १७ व्या मतदारसंघात गेलं. रिपब्लिकन उमेदवार रिक सॅकोन यांनी नव्या १४ व्या मतदारसंघाकडे मोर्चा वळवला. म्हणजे दोघंही एका भागातल्या मतदारांकडे मतं मागत होते आणि त्याच दिवसांत दुसऱ्या भागातल्या मतदारांच्या सह्या गोळा करत होते. पोटनिवडणुकीत सुमारे सव्वादोन लाख मतं पडली आणि लँब हजाराहून कमी मतांनी जिंकले. सॅकोन यांनी पराभव मान्य केला तो २१ मार्चला. तोवर नव्या मतदारसंघांतले अर्ज दाखल होऊन एक दिवस उलटला होता.

हा गोंधळ कुणाच्या ढिसाळपणामुळे झालेला नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीच्या ऐन तोंडावर जुना नकाशा घटनाबाह्य ठरवून नवा लागू केला होता. या खटल्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण बहुतेक लिखाण वकिलांच्या युक्तिवादाभोवती आणि न्यायमूर्तींच्या निकालपत्राभोवती फिरतं. गल्लीबोळांतून पक्षाचं काम करणाऱ्या माणसांनी त्या आठ-दहा आठवड्यांत काय केलं, हा भाग त्यात मागे पडतो. खरं तर निकाल इतका फळला तो त्यांच्यामुळे.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की काँग्रेसच्या मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखतात. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेसाठी हे काम परिसीमन आयोग करतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ते राज्याचं विधिमंडळच करतं, म्हणजे ज्यांना निवडणूक लढवायची तेच पक्ष सीमा ठरवतात. विरोधकांची मतं एक तर मोजक्या मतदारसंघांत कोंबायची, नाही तर अनेक मतदारसंघांत विखरून टाकायची. या डावाला जेरीमँडरिंग म्हणतात आणि तो गेली दोन शतकं दोन्ही पक्ष खेळत आले आहेत. २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने देशभरातली राज्य विधिमंडळं जिंकण्यावर पद्धतशीर जोर लावला, कारण पुढच्याच वर्षी नकाशे निघणार होते. पेनसिल्व्हेनियात दोन्ही सभागृहं आणि राज्यपालपद त्यांच्या हाती आलं. डिसेंबर २०११ मध्ये नवा नकाशा कायदा म्हणून संमत झाला.

परिणाम पहिल्याच निवडणुकीत दिसला. २०१२ मध्ये राज्यभरातल्या एकूण मतांपैकी निम्म्याहून थोडी जास्त मतं डेमोक्रॅटिक उमेदवारांना पडली, तरी १८ पैकी १३ जागा रिपब्लिकन पक्षाला गेल्या. २०१४ मध्ये पुन्हा १३ आणि २०१६ मध्येही १३. वारं कुठूनही वाहो, आकडा जागचा हलत नव्हता.

त्या नकाशातला सातवा मतदारसंघ तर साऱ्या देशात गाजला. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला पाच काउंट्यांमधून तो असा काही वळवळत जायचा की लोकांना त्यात डोनाल्ड डकला लाथ मारणारा गूफी दिसू लागला. एका ठिकाणी तर त्याचे दोन भाग किंग ऑफ प्रशा गावातल्या एका रेस्टॉरंटच्या आवारापाशी जेमतेम जोडलेले होते. चित्राची चेष्टा खूप झाली, पण स्थानिक कार्यकर्त्याला त्याचा जाच वेगळाच होता. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तिथली पक्षसंघटना काउंटीनिहाय असते, तिचा अध्यक्ष, समिती, याद्या, निधी सगळं काउंटीचं. पाच काउंट्यांचे तुकडे जोडून मतदारसंघ केला, की पाच समित्यांपैकी कुणालाच तो आपला वाटत नाही. उमेदवार कुणी सुचवायचा, पैसा कुणी उभारायचा, कुठल्या गावात कुणी फिरायचं, यावर आधी पाच अध्यक्षांचं एकमत व्हायला हवं. मतं फोडणं हा जेरीमँडरिंगचा उघड परिणाम आहे. संघटना फोडणं हा त्याहून खोलवर जाणारा परिणाम, आणि त्याची चर्चा फारच कमी होते.

जुन्या १८ व्या मतदारसंघात हे स्पष्ट दिसतं. तिथे नोंदणीकृत डेमोक्रॅट मतदारांची संख्या रिपब्लिकनांपेक्षा जास्त होती. (पेनसिल्व्हेनियात मतदार नोंदणीच्या वेळी आपला पक्षही सांगू शकतो, आणि ज्या पक्षात नोंद असेल त्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत, त्याला मत देता येतं.) तरीही २०१४ आणि २०१६ मध्ये रिपब्लिकन खासदार टिम मर्फी यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाने उमेदवारच दिला नाही. हरणारच आहोत तर उभं कशाला राहायचं, या विचारात एक अख्खी फळी बसून राहिली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये मर्फी यांना एका वैयक्तिक प्रकरणामुळे राजीनामा द्यावा लागला आणि पोटनिवडणूक लागली. अशा पोटनिवडणुकीत प्रायमरी होत नाही, पक्षाच्या स्थानिक समित्यांचे सदस्य एकत्र जमून उमेदवार निवडतात. नोव्हेंबरात वॉशिंग्टन नावाच्या छोट्या गावात चार काउंट्यांतले शेकडो डेमोक्रॅटिक समिती सदस्य जमले आणि त्यांनी मतदानाच्या दुसऱ्या फेरीत तेहतीस वर्षांच्या लँब यांना निवडलं. पुढे खाणकामगार आणि पोलाद कामगारांच्या संघटना दारोदार फिरल्या. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ मध्ये सुमारे वीस टक्क्यांच्या आघाडीने जिंकलेला मतदारसंघ लँब यांनी जुन्याच, रिपब्लिकनांनी आखलेल्या नकाशावर खेचून आणला.

इकडे खटला चालू होता. जून २०१७ मध्ये लीग ऑफ विमेन व्होटर्स या पक्षनिरपेक्ष संस्थेने आणि प्रत्येक मतदारसंघातला एक अशा अठरा मतदारांनी राज्याच्या कॉमनवेल्थ कोर्टात दाद मागितली. त्यांच्या वकिलांनी फार विचारपूर्वक एक गोष्ट केली. संघराज्याच्या घटनेवर त्यांनी बोट ठेवलंच नाही. आधार घेतला तो पेनसिल्व्हेनियाच्या राज्यघटनेतल्या, निवडणुका मुक्त आणि समान असतील असं सांगणाऱ्या कलमाचा. निकाल राज्याच्या घटनेवर बेतला तर वॉशिंग्टन डीसीतल्या सर्वोच्च न्यायालयाला त्यात हात घालायला फारसा वाव राहणार नव्हता.

डिसेंबरमध्ये साक्षी झाल्या. मिशिगन विद्यापीठाचे जोवेई चेन यांनी संगणकाकडून पक्षीय हेतू बाजूला ठेवून शेकडो नकाशे काढून घेतले होते. सीमा आटोपशीर ठेवायच्या, काउंट्या शक्यतो फोडायच्या नाहीत, एवढेच नियम देऊन काढलेल्या पाचशे नकाशांत ११ ते १६ काउंट्या फुटल्या. २०११ च्या नकाशात २८ फुटल्या होत्या. कॉमनवेल्थ कोर्टाचे न्यायाधीश केविन ब्रॉब्सन यांनी नकाशा पक्षीय फायद्यासाठी काढल्याचं मान्य केलं, पण तेवढ्याने तो घटनाबाह्य ठरत नाही असं मत दिलं. २२ जानेवारी २०१८ ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मत बाजूला सारून नकाशा रद्द केला. विधिमंडळाला नवा नकाशा संमत करायला ९ फेब्रुवारीपर्यंत आणि राज्यपालांना तो मान्य करायला १५ फेब्रुवारीपर्यंत मुदत मिळाली. दोघांत एकमत झालं नाही. १९ फेब्रुवारीला न्यायालयाने स्टॅनफर्डचे प्राध्यापक नॅथॅनियल पर्सिली यांच्या मदतीने तयार केलेला स्वतःचा नकाशा जाहीर केला. त्यात फक्त १३ काउंट्या फुटल्या होत्या.

रिपब्लिकन पक्षाचा संताप समजण्यासारखा होता. निवडणुकीच्या वर्षात, अर्ज भरण्याच्या तोंडावर न्यायालयाने स्वतःच नकाशा काढावा का, हा प्रश्न गंभीरच होता. डेमोक्रॅट म्हणून निवडून आलेले न्यायमूर्ती मॅक्स बेअर यांनाही २०११ चा नकाशा घटनाबाह्य वाटत होता, पण तो लगेच, २०१८ साठीच बदलायला त्यांचा विरोध होता. नवा नकाशा चार विरुद्ध तीन अशा मतांनी लागू झाला. त्यावर काही आमदारांनी न्यायमूर्तींवर महाभियोगाचे ठरावही मांडले, ते पुढे गेले नाहीत. संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाकडे स्थगितीसाठी दोनदा धाव घेतली गेली. दुसरी विनंती फेटाळली गेली १९ मार्चला, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी. त्याच दिवशी संघीय न्यायाधीशांच्या पीठाने नव्या नकाशाविरुद्धचा दुसरा खटलाही काढून टाकला.

तोपर्यंत कार्यकर्त्यांचं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. सह्या गोळा करायच्या तर कुठल्या मतदारसंघात? उद्या स्थगिती आली तर ही सगळी पानं रद्दी. नाही आली आणि आपण हात बांधून बसलो, तर उमेदवारच नाही.

सह्यांची ही भानगड नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण स्थानिक संघटनेचा कस तिथेच लागतो. आपल्याकडे उमेदवाराला मोजके सूचक पुरतात. पेनसिल्व्हेनियात काँग्रेसच्या उमेदवाराला प्रायमरीत उतरण्यासाठी १,००० सह्या लागतात आणि मुदत असते तीन आठवडे. सही करणारा त्याच मतदारसंघातला नोंदणीकृत मतदार हवा आणि त्याच पक्षात नोंदलेला हवा. सहीसोबत सुवाच्य नाव, घर क्रमांक, रस्ता, गाव, तारीख हे सगळं हवं. एका पानावर एकाच काउंटीतल्या मतदारांच्या सह्या चालतात, काउंटी बदलली की पान बदलायचं. आणि एकाच पदासाठी एका मतदाराने दोन उमेदवारांना सह्या दिल्या तर दुसरी बाद. विरोधक कोर्टात हरकत घेऊन एकेक सही खोडून काढू शकतात, म्हणून शहाणा कार्यकर्ता गरजेपेक्षा बऱ्याच जास्त सह्या आणतो.

२०१८ मध्ये न्यायालयाने फक्त काँग्रेसच्या अर्जांची मुदत पुढे ढकलली. राज्यपाल, सिनेट, राज्याचं विधिमंडळ, इतर पदांसाठी सह्यांची मुदत १३ फेब्रुवारी ते ६ मार्च अशीच राहिली. काँग्रेससाठी ती झाली २७ फेब्रुवारी ते २० मार्च. दरवर्षी एकाच फेरीत सगळ्या पदांची पानं घेऊन फिरणाऱ्या माणसाला त्या वर्षी त्याच दारांवर दोनदा जावं लागलं. त्यात २ मार्च आणि ७ मार्चला राज्याच्या पूर्व भागात लागोपाठ दोन मोठी हिमवादळं आली, झाडं पडली, हजारो घरांची वीज गेली. डेलावेअर काउंटीत नव्या पाचव्या मतदारसंघासाठी इतके डेमोक्रॅट इच्छुक होते की शेवटी प्रायमरीच्या मतपत्रिकेवर दहा नावं आली. तिथे दार उघडल्यावर कार्यकर्त्याचा पहिला प्रश्न असायचा, याआधी कुणाला सही दिलीत का?

मतदारसंघांचे क्रमांकही बदलले होते. काल सातवा म्हणजे डेलावेअर काउंटीचा भाग, आज सातवा म्हणजे तिथून बराच लांबचा लीहाय व्हॅलीचा परिसर. कालचा आठवा आजचा पहिला. मतदाराला काय समजावणार? अनेक ठिकाणी स्थानिक समित्यांनी गावनिहाय सभा घेतल्या, नकाशा भिंतीवर लावून तुमचं गाव आता इथे, असं दाखवलं, घरगुती प्रिंटरवर पत्रकं छापून वाटली. पक्षाच्या संगणकातल्या मतदारयादीत प्रत्येक मतदान केंद्रापुढचा मतदारसंघाचा आकडा बदलावा लागला.

हे सगळं निभावलं ते एका साध्या कारणामुळे. मतदारसंघाच्या सीमा हलल्या, मतदान केंद्राचा भाग हलला नाही. तिकडे त्याला प्रीसिंक्ट म्हणतात, फिलाडेल्फियात डिव्हिजन. काहीशे ते हजार-दीड हजार मतदारांचा हा तुकडा. फिलाडेल्फियात अशा सुमारे १,७०० डिव्हिजन आहेत आणि प्रत्येकीत प्रत्येक पक्षाचे दोन कमिटीपर्सन असतात. आपल्याकडचा बूथप्रमुख आणि हा कमिटीपर्सन यांच्यात एक मोठा फरक आहे. आपला बूथप्रमुख वरून नेमला जातो. तिथला कमिटीपर्सन दर चार वर्षांनी प्रायमरीत मतदारांनी निवडलेला असतो, आणि त्याला उभं राहायला दहा सह्या पुरतात. हेच लोक मिळून वॉर्डाचा नेता निवडतात. पक्षाचा अधिकृत पाठिंबा कुणाला, यात त्यांचा शब्द असतो. १५ मे २०१८ ची प्रायमरी ही नेमकी या कमिटीपर्सनांच्या निवडणुकीचीही होती. वर्षानुवर्षं रिकाम्या राहिलेल्या या पदांसाठी त्या वर्षी फिलाडेल्फियात नव्या, तरुण माणसांनी अर्ज भरले. त्यातून पुढे आलेले लेखक निखिल सवाल, भारतीय स्थलांतरितांचे पुत्र, त्या वर्षी दुसऱ्या वॉर्डाचे नेते झाले आणि २०२० मध्ये राज्याच्या सिनेटवर निवडून गेले.

ही जाग खटल्याने आलेली नव्हती, ती आधीच आली होती. २०१६ च्या निवडणुकीनंतर फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गच्या उपनगरांत ठिकठिकाणी लहान गट उभे राहिले. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या इतिहासकार लारा पुटनम आणि हार्वर्डच्या समाजशास्त्रज्ञ थीडा स्कॉकपोल यांनी या गटांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की इथे बहुसंख्येने मध्यमवयीन, मध्यमवर्गीय स्त्रिया आहेत, शिक्षिका, ग्रंथपाल, निवृत्त नोकरदार. त्यांनी मोर्चे काढले, आणि तेवढ्यावर न थांबता काउंटी समितीतल्या रिकाम्या जागा भरल्या, शाळा मंडळाच्या आणि नगर परिषदेच्या निवडणुका लढवल्या.

त्याचं फळ नोव्हेंबर २०१७ मध्येच दिसलं, नकाशा रद्द होण्याच्या अडीच महिने आधी. चेस्टर काउंटीत कोषाधिकारी, लेखानियंत्रक, कोरोनर, न्यायालयीन लिपिक अशी काउंटीची पदं डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्यांदाच जिंकली. डेलावेअर काउंटी म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला. तिथली पक्षयंत्रणा शंभरहून अधिक वर्षं इतकी घट्ट होती की तिच्या सूत्रधारांच्या मंडळाला लोक ‘वॉर बोर्ड’ म्हणत. त्या काउंटीच्या परिषदेवर डेमोक्रॅटिक पक्षाचे दोन सदस्य निवडून आले. २०१९ मध्ये पाचही जागा त्यांच्याकडे गेल्या आणि अमेरिकेच्या यादवी युद्धापासूनची सत्ता संपली. काउंटीच्या सीमा कुणी बदलल्या नव्हत्या. जेरीमँडरिंगचा तिथे काही संबंधच नव्हता. माणसं दारोदार फिरली म्हणून हे घडलं.

म्हणून नव्या नकाशाचं श्रेय एकट्या न्यायालयाला देणं पटत नाही. सहाव्या मतदारसंघात अख्खी चेस्टर काउंटी आली, तेव्हा तिथे लढण्यासाठी तयार, जिंकण्याची सवय झालेली समिती हजर होती. हवाई दलातल्या माजी अधिकारी क्रिसी हूलाहान आधीपासूनच प्रचारात होत्या. समोरचे रिपब्लिकन खासदार रायन कॉस्टेलो यांनी अर्ज भरला आणि काही दिवसांनी माघार घेतली. आता नवं नाव द्यायला मुदत उरली नव्हती, प्रायमरीच्या मतपत्रिकेवर पक्षाचा एकच, फारसा परिचित नसलेला उमेदवार राहिला. रिपब्लिकन काउंटी समितीचे नाकी नऊ आले. त्या समितीतल्या कार्यकर्त्यांची चूक काय होती? काहीच नाही. नकाशा त्यांच्यासाठीही तितक्याच अचानक बदलला होता.

नोव्हेंबरमध्ये शेवटचा घोळ बाकी होता. जुन्या सातव्या आणि जुन्या पंधराव्या मतदारसंघातल्या खासदारांनी मुदतीआधी राजीनामे दिले होते. उरलेल्या दोन महिन्यांसाठीची पोटनिवडणूक आणि पुढच्या दोन वर्षांची निवडणूक एकाच दिवशी, ६ नोव्हेंबरला झाली. एकाच मतदाराने एकाच मतपत्रिकेवर काँग्रेससाठी दोनदा मत दिलं, एकदा जुन्या नकाशात, एकदा नव्या. जुन्या सातव्यातले काही मतदार नव्या पाचव्यात होते, काही चौथ्यात, काही सहाव्यात. दारावर उभं राहून हे समजावून सांगायला किती धीर लागतो, हे निवडणुकीत एकदा तरी स्लिपा वाटलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

निकाल ९ विरुद्ध ९ लागला. त्याआधी राज्याच्या काँग्रेसमधल्या वीसही प्रतिनिधींत एकही स्त्री नव्हती. आता हूलाहान, मेरी गे स्कॅनलन, मॅडेलिन डीन आणि सुझन वाइल्ड अशा चौघी एकदम गेल्या. लँब यांनी नव्या १७ व्या मतदारसंघात विद्यमान रिपब्लिकन खासदाराला हरवलं. सॅकोन मात्र १४ व्या मतदारसंघातल्या प्रायमरीतच बाद झाले.

या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक निवडणूक आहे, आणि ती विसरली जाते. पेनसिल्व्हेनियात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीही लोक निवडतात, पक्षाच्या नावावर. २०१५ मध्ये त्या न्यायालयाच्या तीन जागा एकदम रिकाम्या झाल्या. कसलीच मोठी निवडणूक नसलेलं, मतदार घरी बसणारं ते वर्ष. देशातल्या न्यायालयीन निवडणुकांत तोवर झाला नव्हता एवढा खर्च त्या वर्षी झाला आणि तिन्ही जागा डेमोक्रॅटिक उमेदवारांनी जिंकल्या. न्यायालयात ५ विरुद्ध २ असं बहुमत झालं. २०१८ चा निकाल त्याच न्यायालयाने दिला. अशा निरुत्साही वर्षात मतदाराला घराबाहेर काढणारा कमिटीपर्सन नसता, तर हा खटला कुठल्या न्यायमूर्तींसमोर चालला असता, याचा विचार करून पाहावा.

नॉर्थ कॅरोलायनात हीच गोष्ट उलट्या बाजूने घडली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रिपब्लिकन नकाशा रद्द केला. त्या वर्षीची काँग्रेसची निवडणूक दुसऱ्या नकाशावर झाली आणि जागा ७-७ वाटल्या गेल्या. पण त्याच निवडणुकीत न्यायालयाच्या दोन जागा रिपब्लिकन पक्षाने जिंकल्या आणि बहुमत पालटलं. एप्रिल २०२३ मध्ये नव्या न्यायालयाने आधीचा निकाल फिरवला. विधिमंडळाने पुन्हा नकाशा काढला आणि २०२४ मध्ये जागा झाल्या १०-४. न्यायमूर्ती ज्या मार्गाने येतात त्याच मार्गाने जाऊही शकतात, त्यामुळे हा न्याय कायमचा मानता येत नाही. २०१९ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पक्षीय जेरीमँडरिंगच्या तक्रारी संघीय न्यायालयांच्या कक्षेबाहेर आहेत असं ठरवल्यापासून तर राज्यांची न्यायालयं हेच मुख्य रणांगण झालं आहे.

यावर दुसरा उपाय मिशिगनने काढला. कार्यकर्त्यांनी चार लाखांहून अधिक सह्या जमवून २०१८ मध्ये सार्वमत घडवलं आणि नकाशाचं काम विधिमंडळाकडून काढून तेरा सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे दिलं. त्या आयोगाने आखलेल्या डेट्रॉइटच्या १३ व्या मतदारसंघातूनच २०२२ मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार काँग्रेसवर गेले. तिथेही सगळे समाधानी झाले नाहीत. डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते, मतं विभागली गेली आणि ठाणेदार तिसाहून कमी टक्के मतांत जिंकले. डेट्रॉइटसारख्या शहराला अनेक दशकांत पहिल्यांदा काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही, याची खंत तिथल्या समाजात आहे. आयोग नकाशा काढू शकतो. उमेदवारांत समझोता घडवायला स्थानिक संघटनाच लागते.

मराठी वाचकाला हे फार लांबचं वाटायचं कारण नाही. लोकसभा-विधानसभेच्या परिसीमनाला न्यायालयात आव्हान देण्याची वाट आपल्या घटनेने जवळजवळ बंद ठेवली आहे. पण महापालिकांच्या प्रभाग रचनेचं काय झालं ते आपण पाहिलं. मुंबईत प्रभाग २२७ की २३६, एका सरकारने वाढवले, दुसऱ्याने कमी केले, सोबत ओबीसी आरक्षणाचा प्रश्न, सगळं न्यायालयात. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या मुंबई महापालिकेची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षं इच्छुक उमेदवार आपला प्रभाग नेमका कुठला हे न कळताच हळदीकुंकू आणि आरोग्य शिबिरं भरवत राहिले. पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने नकाशा बदलला, पण मतदानाची तारीख एका दिवसानेही पुढे ढकलली नाही. प्रायमरी ठरल्याप्रमाणे १५ मेलाच झाली. हा फरक आपण मनावर घ्यायला हवा.

अमेरिकेत मात्र वाद थांबलेला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता पाच जादा जागांच्या आशेने नवा नकाशा केला. १८ नोव्हेंबरला संघीय न्यायाधीशांच्या पीठाने तो अडवला, ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो वापरायला मोकळीक दिली, आणि अर्ज भरण्याची मुदत होती ८ डिसेंबर. टेक्सासमधल्या कार्यकर्त्यांच्या हाती चार दिवस होते. टेक्सासच्या नकाशाला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्येच आपल्या नागरिक आयोगाचा नकाशा तात्पुरता बाजूला ठेवून डेमोक्रॅटिक पक्षाला फायद्याचा नकाशा मंजूर केला. चुकीला चुकीने उत्तर देण्याची ही चढाओढ आहे आणि तिची किंमत दोन्हीकडचा सामान्य मतदार मोजतो आहे.

पेनसिल्व्हेनियातले ते तीन न्यायमूर्ती, केविन डोहर्टी, डेव्हिड वेक्ट आणि क्रिस्टीन डोनोह्यू, दहा वर्षांची मुदत संपल्यावर ४ नोव्हेंबर २०२५ ला पुन्हा मतदारांसमोर आले. प्रश्न एकच होता, यांना कायम ठेवायचं की नाही. रिपब्लिकन पक्षाने ‘नाही’साठी जोर लावला, डेमोक्रॅटिक काउंटी समित्यांनी ‘होय’साठी. तिघंही साठ टक्क्यांहून अधिक मतांनी कायम राहिले.